रिकामी टाकी

मार्चमध्ये घराला रंग दिला. काम संपल्यावर रंगाऱ्यानं उरलंसुरलं सामान माळ्यावर चढवून ठेवलं, त्यात थिनरचा एक रिकामा डबा होता. रात्री दहाच्या सुमाराला तो बाबांच्या नजरेस पडला. वय ७४, गुडघे दुखतात, तरी स्टूल ओढून स्वतः वर चढले, डबा उतरवला, गॅलरीत नेला आणि झाकण उघडून कोपऱ्यात ठेवला. मी म्हटलं, "बाबा, रिकामाच आहे तो." ते म्हणाले, "म्हणूनच."

बाबांनी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत ३१ वर्षं काढली. ऑपरेटर म्हणून लागले आणि शिफ्ट इन्चार्ज होऊन निवृत्त झाले. आमच्या नेरुळच्या घरात कंपनीतल्या गोष्टी जेवणाबरोबर वाढल्या जायच्या. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीला जास्त भ्यावं, हे त्यातलंच एक. पुढे मी रसायनशास्त्र शिकले, आता वाशीला अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवते, आणि दरवर्षी ज्वलनांक, म्हणजे द्रवातून पेटण्याइतकी वाफ निघू लागते ते तापमान, शिकवताना बाबांचीच भाषा वापरते. द्रव जळत नाही, त्याची वाफ जळते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर वाफेला जागा नाही आणि हवेलाही नाही. टाकीच्या तळाशी थोडंसंच काही उरलं असेल तर वरची सगळी पोकळी वाफ आणि हवा यांच्या मिश्रणाची. त्यात वाफ फार कमी असेल तर पेटत नाही, फार जास्त असेल तरी पेटत नाही. मधल्या पट्ट्यात आली की एका ठिणगीचं काम. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये रिकाम्या पिंपाला वेल्डिंग करताना माणसं मरतात ती या मधल्या पट्ट्यात.

त्या रात्री माझा भाचा मुक्कामाला होता. तो विमान देखभालीचा अभ्यासक्रम करतो, शेवटच्या वर्षाला आहे. आजोबांचा डबा-प्रकार पाहून तो एकदम म्हणाला, "आजोबा, हे तर टीडब्ल्यूए ८००!" आणि मग झोपायला दीड वाजला.

१७ जुलै १९९६. टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं, न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेलं बोइंग ७४७ संध्याकाळी ८ वाजून १९ मिनिटांनी उडालं आणि जेमतेम १२ मिनिटांनी लाँग आयलंडच्या किनाऱ्याजवळ हवेतच फुटलं. आत २३० माणसं होती, एकही वाचलं नाही. पहिले कित्येक महिने बाँब आणि क्षेपणास्त्र यांचीच चर्चा होती, कारण किनाऱ्यावरच्या अनेकांनी आकाशात प्रकाशाची रेघ पाहिली होती. एफबीआयनं १६ महिने तपास केला आणि घातपाताचा पुरावा नाही असं सांगून १९९७च्या नोव्हेंबरात काम थांबवलं. तोवर अपघात-तपास करणाऱ्या मंडळानं, एनटीएसबीनं, समुद्रातून ९५ टक्क्यांहून जास्त विमान बाहेर काढलं होतं आणि एका हँगरमध्ये त्याचा मधला भाग तुकडा तुकडा जोडून उभा केला होता. त्या तुकड्यांवरून कळलं की सुरुवात मधल्या टाकीत झाली.

विमानाच्या टाक्या पंखांत असतात हे बहुतेकांना ठाऊक असतं. दोन पंखांच्या मध्ये, प्रवाशांच्या पायाखाली, आणखी एक मोठी टाकी असते. त्या ७४७ मध्ये तिच्यात ४८ हजार लिटरच्या वर इंधन मावत होतं. पॅरिसपर्यंत जायला पंखांतलंच पुरणार होतं, म्हणून मधल्या टाकीत त्या दिवशी होतं फक्त १९० लिटरच्या आसपास. आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत तळाशी एक बोट पाणी उरावं, तसं. आणि त्या टाकीच्या बरोब्बर खाली विमानाची एसी यंत्रं, ज्यांना ते लोक 'पॅक' म्हणतात. ती काम करताना प्रचंड तापतात. जुलैच्या उन्हाळ्यात विमान जमिनीवर उभं असताना ती सुमारे अडीच तास चालू होती. विमानाचं इंधन म्हणजे जवळजवळ रॉकेलच. त्याचा ज्वलनांक किमान ३८ अंश ठेवलेला असतो. पुढच्या वर्षी तशाच विमानात, तशीच परिस्थिती उभी करून चाचणी घेतली, तेव्हा त्या उंचीवर टाकीतल्या पोकळीचं तापमान ३८ ते ५३ अंश भरलं. शिवाय उंचावर हवेचा दाब कमी, त्यामुळे वाफ पेटायला जमिनीवर लागतं तेवढं तापमानही तिथं लागत नाही. हा मुद्दा मी त्या रात्री भाच्याच्या वहीच्या मागच्या पानावर आलेख काढून दाखवला. तो म्हणाला, "मावशी, आमच्या सरांनी एवढं सोपं करून नाही सांगितलं." मला फार बरं वाटलं.

"ठिणगी कुठली?" बाबांनी विचारलं.

"नक्की नाही कळलं, आजोबा. चार वर्षं तपास झाला. २००० साली अहवाल आला. टाकीबाहेर कुठंतरी तारा शॉर्ट झाल्या असाव्यात आणि इंधनाची पातळी मोजणाऱ्या यंत्रणेच्या तारेतून जास्त दाबाची वीज आत गेली असावी, असं म्हटलंय. पण खात्रीनं नाही. म्हणून तर अजून लोक वाद घालतात."

बाबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, ठिणगी कुठून आली ते शोधत बसायचंच नसतं. ती कुठूनही येते. चपलेच्या खिळ्यातून येते, नायलॉनच्या शर्टातून येते, पाइपातून द्रव जोरात पडला तरी येते. आम्ही फ्लेमप्रूफ दिवे लावले, पितळेची हत्यारं वापरली, टँकर आला की आधी अर्थिंगचा क्लिप लावला. सगळं केलं. पण सॉल्व्हंटच्या टाकीवर नायट्रोजन नसेल तर साहेब आम्हाला पंप चालू करू द्यायचे नाहीत. वाफ होती, हवा होती, आणि ती तशी असू दिली. हे कारण पुरेसं नाही का?"

एनटीएसबीच्या अहवालात नेमकं हेच आहे. ठिणगीचे सगळे स्रोत बंद केले की टाकी सुरक्षित झाली, या एकाच कल्पनेवर टाक्यांची रचना मंजूर होत आली, हे त्यांनी अपघाताला हातभार लावणारं कारण म्हणून नोंदवलं. आणि उष्णता देणारी यंत्रं टाकीखाली ठेवून ती उष्णता अडवायची किंवा वाफ निष्प्रभ करायची काहीच सोय केली नाही, हे दुसरं. बाबांनी तो अहवाल पाहिलेला नाही. तुर्भे-पावणे भागातल्या कितीतरी कंपन्यांमधले दहावी-बारावी शिकलेले ऑपरेटर तेव्हा, १९८०च्या दशकात, टाकीवर नायट्रोजनचं पांघरूण घालत होते. ब्लँकेटिंग म्हणतात त्याला. ऑक्सिजन हटला की वाफ पेटत नाही. मोठी बुद्धिमान माणसं प्रवासी विमानाच्या बाबतीत तिथवर यायला किती उशीर करत होती, याचा मला त्या रात्री राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

तोवर इशारे मिळाले नव्हते असंही नाही. ८ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत मेरीलँडवर पॅन अ‍ॅमच्या ७०७ वर वीज पडली, पंखातली टाकी फुटली, ८१ माणसं गेली. १९७६ मध्ये माद्रिदजवळ इराणी हवाई दलाचं ७४७, पुन्हा वीज. ११ मे १९९० रोजी मनिलाला फिलिपीन एअरलाइन्सचं ७३७ धावपट्टीकडे निघण्याआधीच मधल्या टाकीच्या स्फोटानं जळालं, ८ माणसं गेली. दर वेळी त्या त्या ठिणगीवर उपाय झाले. टाकीतल्या वाफेला कुणी हात लावला नाही.

भाचा मात्र सहज मान डोलावणारा मुलगा नाही, आणि त्याची बाजू कमकुवत नव्हती. त्याचं म्हणणं असं: या सगळ्या वर्षांत जगात कोट्यवधी उड्डाणं झाली. त्यात टाकीचे स्फोट बोटांवर मोजण्याइतके. तेवढ्यासाठी प्रत्येक विमानात नवी यंत्रणा बसवायची, तिचं वजन वर्षानुवर्षं वाहायचं, ती बिघडली की विमान थांबवायचं. तोच पैसा डोंगरावर आदळणारी विमानं वाचवायला, वैमानिकांच्या प्रशिक्षणाला लावला तर जास्त जीव वाचणार नाहीत का? अपघातानंतर एफएएनं, म्हणजे तिथल्या हवाई नियामकानं, उद्योगातल्या तज्ज्ञांच्या समित्या नेमल्या होत्या. १९९८ मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये त्यांचंही उत्तर हेच होतं की खर्च फायद्याच्या मानानं फार मोठा आहे.

हा हिशेब मला क्रूर वाटत नाही. पैसा अमर्याद नसतो, कुठंतरी रेघ मारावीच लागते. पण असा हिशेब मांडताना खर्चाचा आकडा तेव्हा माहीत असलेल्या यंत्राचा धरतात, हे विसरतात. समित्यांच्या डोळ्यांसमोर जड यंत्रणा होत्या. लष्करानं तशाच वापरल्या होत्या. सी-५ या अमेरिकी मालवाहू विमानात तर द्रवरूप नायट्रोजन भरून नेत. २००१ च्या मार्चमध्ये बँकॉकला थाई एअरवेजचं ७३७ उभ्या जागी पेटलं, पुन्हा मधली टाकी, कर्मचाऱ्यांपैकी एकाचा जीव गेला. पुढच्याच वर्षी एफएएच्याच माणसांनी एक साधी वाट दाखवली. इंजिनातून तशीही गरम दाबाची हवा काढून घेतलेली असते. ती हजारो पोकळ धाग्यांच्या जुडीतून जाऊ द्यायची. ऑक्सिजन धाग्याच्या भिंतीतून लवकर बाहेर निसटतो, उरलेली नायट्रोजननं भरलेली हवा टाकीत सोडायची. लष्कर ऑक्सिजन ९ टक्क्यांच्या खाली धरत असे. प्रयोगांत दिसलं की प्रवासी विमानाला १२ टक्के पुरे. तेवढ्यानं यंत्र लहान झालं, हलकं झालं. जे परवडणारं नव्हतं ते परवडू लागलं. २१ जुलै २००८ रोजी नियम आला, अपघाताला १२ वर्षं होऊन गेल्यावर. जुन्या प्रवासी विमानांत बसवायला २०१७ च्या अखेरपर्यंत मुदत मिळाली. म्हणजे त्या संध्याकाळी जन्मलेलं मूल तोवर २१ वर्षांचं झालं असेल.

"आणि मालाची विमानं?" बाबांनी विचारलं.

"जुन्या मालवाहू विमानांना बसवायची सक्ती नाही, आजोबा."

"का? त्यांत माणसं नसतात?"

भाच्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यानंच आठवण काढली बंगळूरची. ४ मे २००६ रोजी तिथं जमिनीवर असलेल्या ७२७ या मालवाहू विमानाच्या पंखातल्या टाकीचा स्फोट झाला होता. टाकीतल्या पंपाकडे जाणाऱ्या तारा नळीत झिजून तिथं ठिणगी पडली होती. कुणाचा जीव गेला नाही. पण ठिणगी रोखायचे कडक नियम २००१ मध्येच आलेले होते, हे ऐकल्यावर बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही, चहा टाकायला उठले.

चहा घेताना भाच्यानं सांगितलं की ७८७ मध्ये आता सगळ्याच टाक्यांना नायट्रोजन आहे, पंखांतल्यासुद्धा. त्याचं कारण मला आवडलं. जुन्या विमानांचे पंख अ‍ॅल्युमिनियमचे. वरची थंड हवा ते पटकन आत पोचवतात आणि इंधन गार राहतं. ७८७ चे पंख कार्बन फायबरचे, ते उष्णता तितकी सोडत नाहीत. म्हणजे हलकेपणासाठी एक पदार्थ बदलला आणि त्याबरोबर आपोआप मिळणारा थंडावा गेला, तो दुसऱ्या मार्गानं भरून काढावा लागला. आमच्या इमारतीत जुन्या लोखंडी खिडक्या काढून सरकत्या काचा बसवल्या तेव्हा पावसाळ्यात घराघरांत बुरशी धरली, त्याची मला आठवण झाली. फटींतून येणारी हवा काहीतरी काम करत होती, हे ती बंद झाल्यावर कळलं.

इथपर्यंत वाद बाबांच्या बाजूनं झुकला होता. नायट्रोजनच हवा, प्रत्येक टाकीला हवा, असं मीही म्हणत होते. तेव्हा बाबा म्हणाले, "पण नायट्रोजन माणसाला खातो."

ही गोष्ट मला अर्धवट माहीत होती. त्यांनी ती पूर्ण कधी सांगितली नव्हती. १९९१ चा पावसाळा. एक रिअ‍ॅक्टर, म्हणजे रसायनांची प्रक्रिया होते ती बंद टाकी, साफ करायचा होता. रात्रीच पर्ज केलेला, म्हणजे नायट्रोजननं भरलेला. नायट्रोजनच्या लाइनला ब्लाइंड, म्हणजे पाइप पक्का बंद करणारी चकती, टाकायची राहिली. मॅनहोल उघडं, वास काही नाही, आत दिवा सोडला तर तळ लख्ख दिसत होता. बाबांच्या शिफ्टमधला एक मुलगा, कोपरखैरण्याचा, लग्नाला वर्ष व्हायचं होतं, शिडीवरून उतरला. चौथ्या पायरीवर त्याचे हात सुटले. ओरडला नाही, खोकला नाही. बाबा मॅनहोलशी उभे होते. ते त्याच्यामागे उतरायला निघाले आणि फोरमननं त्यांना मागून पट्ट्याला धरून खेचलं. बाबांनी फोरमनला शिव्या दिल्या, त्याच्या हाताला चावले. श्वसनाचा संच यायला पंधरा मिनिटं लागली.

"खेचलं नसतं तर दोघं असतो आत," बाबा म्हणाले. "हवेत आधीच अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतो ना गं? म्हणून शरीराला कळतच नाही. गुदमरल्यासारखं होत नाही. दोन-तीन श्वास, संपलं."

मी हे वर्गात शिकवते. गुदमरल्याची जाणीव होते ती कार्बन डायऑक्साइड साचल्यानं, ऑक्सिजन कमी पडल्यानं नव्हे, हे फळ्यावर लिहिते. पण त्या मुलाचे शिडीवरून सुटलेले हात माझ्या फळ्यावर कधी नव्हते.

मग भाच्यानं हळू आवाजात सांगितलं की विमानाच्या टाकीतही माणूस शिरतो. पंखाच्या खालच्या बाजूला जेमतेम खांदे जातील एवढं लंबगोल झाकण असतं. गळती शोधायला, सील लावायला, पंप बदलायला मेकॅनिक त्यातून आडवा होऊन सरपटत आत जातो. पूर्वी तिथं भीती वाफेची होती. आता टाकीत मुद्दाम ऑक्सिजन कमी केलेला असतो. नियमावलीत सगळं लिहिलंय: हवा खेळवा, मीटर लावा, ऑक्सिजन साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली असेल तर शिरू नका, बाहेर एक माणूस उभा ठेवा. बाबांच्या कंपनीतही सगळं लिहिलेलं होतं.

त्यानंतर कितीतरी दिवस मी यावर विचार करत होते. वरच्या खुर्चीत बसलेल्या प्रवाशाचा धोका कमी झाला आणि त्याचा एक छोटासा हिस्सा खाली, सरपटत आत जाणाऱ्या माणसाकडे सरकला. म्हणून नायट्रोजन नको, असं मी म्हणणार नाही. २३० माणसांचा हिशेब मला पुसता येत नाही, आणि मेकॅनिकचा धोका मीटरनं, पंख्यानं, बाहेर उभ्या माणसानं खरोखर टळतो. त्या वाफेतली ठिणगी मात्र कुणाला टाळता आली नव्हती. माझं म्हणणं एवढंच आहे की टाकीच्या रचनेवर बोलणाऱ्यांनी हाही हिस्सा त्याच कागदावर, त्याच टेबलावर मांडावा. समित्यांनी वजन मोजलं, डॉलर मोजले, किती उड्डाणांमागे किती स्फोट ते मोजलं. झाकणातून आत शिरणाऱ्याला त्या खोलीत खुर्ची असायला हवी. बाबांसारख्या माणसाला तिथं बसवलं असतं तर नायट्रोजन आधी आला असता आणि मीटरचं बोलणंही त्याच दिवशी झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

डिसेंबरपासून उलव्याच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली आहेत. एप्रिलमध्ये बहिणीला सोडायला आम्ही गेलो होतो. डोंगर फोडून, नदी वळवून केलेल्या त्या सपाटीकडे बाबा बराच वेळ पाहत होते. उलवे-पारगावच्या बाजूला त्यांच्या कंपनीतले काही जण राहायचे, ती घरं कुठं होती ते त्यांना आता सापडेना. मग काचेतून उभ्या असलेल्या एका विमानाकडे बोट करून म्हणाले, "तो जाड पाइप कसला गं, पोटाला लावलेला?" भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, थंड हवेचा. जमिनीवरूनच गार हवा आत सोडतात, म्हणजे विमानाचे पॅक चालवायला लागत नाहीत. इंधन वाचतं. आणि टाकीखाली ऊबही साठत नाही. बाहेर ३६ अंश होते. बाबा पाइप निघेपर्यंत तिथून हलले नाहीत. मागून येणारे लोक त्यांना वळसा घालून जात होते.

मे महिन्यात भाच्याचं प्रशिक्षण एका हँगरमध्ये सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेनऊला त्याचा फोन आला, बाबांसाठी. मी स्पीकरवर टाकला. आज पहिल्यांदा टाकीत गेलो आजोबा, म्हणाला. फक्त कमरेपर्यंत, पण गेलो. आदल्या रात्रीपासून पंखा लावून ठेवला होता. मीटर आधी दोरीनं आत सोडला, तिन्ही कोपऱ्यांत. ऑक्सिजन २०.९ टक्के दाखवला, बाहेरच्या हवेइतका. मग पुन्हा एकदा सोडला.

बाबा ऐकत होते. मला वाटलं शाबास म्हणतील.

"बाहेर कोण उभं होतं?" त्यांनी विचारलं.

भाच्यानं नाव सांगितलं. त्याच्याच बॅचचा मुलगा, पनवेलचा.

"मोबाइल बघत होता का?"

"नाही आजोबा. माझ्या पायाला हात लावून उभा होता."

"बरं," बाबा म्हणाले, आणि फोन माझ्या हातात देऊन गॅलरीत गेले.